नवा असेंबल केलेला पीसी चालू होत नाही: एसएमपीएस बदलायच्या आधी हे बघा

‘पीसी चालू होत नाही’ या एकाच वाक्यात लोक चार वेगवेगळ्या तक्रारी सांगत असतात. बटण दाबलं तरी काहीच हलत नाही, ही एक. पंखे क्षणभर हलतात आणि थांबतात, ही दुसरी. मशीन चालू होतं, काही सेकंदांत बंद पडतं, कधी आपलं आपण परत चालू होतं, ही तिसरी. आणि पंखे, दिवे सगळं मजेत सुरू, फक्त स्क्रीन काळी, ही चौथी. चौथीला खरं तर ‘चालू होत नाही’ म्हणूच नये, पण म्हणतात. या चारांची कारणं फार वेगळी असतात. म्हणून कुठल्याही वायरला हात लावण्याआधी बटण एकदा दाबा आणि नुसतं बघा: पंखा हलला का, मदरबोर्डावर एखादा दिवा लागला का, एसएमपीएसमधून (भिंतीतली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा) बारीकसा ‘टक्’ आला का.

सगळे भाग कोरे असतील तर एखादा भाग खराब निघण्यापेक्षा काहीतरी नीट न बसलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तरीही पहिला संशय एसएमपीएसवर जातो, दुसरा मदरबोर्डवर, आणि लोक मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली गाठून हजारो रुपयांचा माल उचलून येतात. घरी येऊन जोडतात, आणि तक्रार जशीच्या तशी.

एक ताकीद आधीच. आतल्या वायरी काढताना आणि लावताना एसएमपीएसची मेन केबल काढलेली हवी. आणि एसएमपीएसचा स्वतःचा डबा कधीही उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ राहू शकतात.

काहीच हलत नाही

आधी भिंत. हसू नका. ज्या सॉकेटवर पीसी आहे त्यावर मोबाइलचा चार्जर लावून ‘लाइट आहे’ असं ठरवू नका. चार्जर इतका थोडा करंट ओढतो की सैल झालेल्या सॉकेटवरही तो खुशाल चालतो. टेबल फॅन किंवा इस्त्री लावून बघा. स्पाइक गार्ड किंवा एक्स्टेन्शन बोर्ड मधे असेल तर तो काढून थेट भिंतीत लावा. मग एसएमपीएसच्या मागचा काळा स्विच: आडवी किंवा उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. मेन केबलचं टोक एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत गेलंय का तेही दाबून बघा. नवी केबल घट्ट असते, आत गेल्यासारखी वाटते आणि दोन-तीन मिलिमीटर बाहेरच राहते.

काही जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसवर मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपली वीज दिली तर बहुधा धडाका आणि जळका वास, पुढचं काही तपासायला नको. अमेरिकेतल्या मंडळींच्या बाबतीत उलट: स्विच २३० वर राहिला तर काही जळत नाही, मशीन नुसतं गप्प बसतं. हल्लीच्या बऱ्या एसएमपीएसना हा स्विचच नसतो. ते १०० ते २४० व्होल्ट आपले आपण सांभाळून घेतात.

भिंतीपर्यंत सगळं ठीक असेल तर आता बोर्डाकडे. एसएमपीएसला वीज मिळाली की पीसी बंद असतानाही तो ५ व्होल्टची एक लाइन सतत देत असतो. तिला स्टँडबाय म्हणतात. बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी छोटा दिवा असतो, काहींवर आरजीबीच्या, म्हणजे रंगीत दिव्यांच्या, पट्ट्या बंद मशीनवरही उजळतात. दिवा दिसला तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे आणि २४ पिनांच्या केबलमधून वीज बोर्डापर्यंत पोचते आहे. दिवा नसला म्हणून मेला असं लगेच समजू नका, सगळ्या बोर्डांवर तो नसतो. पण २४ पिनांचा कनेक्टर मात्र काढून परत बसवा. तो बसवायला वाटतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो. बोर्डाला खालून हाताचा आधार द्या आणि बाजूची खिट्टी अडकल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर हीच केबल दुसऱ्या टोकाला, एसएमपीएसच्या बाजूलाही पूर्ण बसायला हवी. ते टोक कॅबिनेटच्या तळाशी अंधारात असतं, म्हणून कोणी बघत नाही.

आता या तक्रारीतला माझा नेहमीचा संशयित: पॉवर बटणाची वायर. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून दोन तारांची एक बारीक चिमटी येते आणि बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसते. बहुतेक बोर्डांवर तिथे दोन ओळींत मिळून नऊ पिना असतात. एका ओळीत पाच, दुसरीत चार. ज्या ओळीत एक पिन कमी आहे, त्या रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या. त्यांच्या समोरच्या ओळीतल्या दोन रीसेटच्या. काही बोर्डांची मांडणी वेगळी असते, म्हणून मॅन्युअलमधलं चित्र बघूनच लावा. पॉवर बटणाला प्लस-मायनस नसतं, उलटी लागली तरी चालते. दिव्यांच्या वायरींना मात्र असतं, पण त्या उलट्या लागल्या तर फक्त दिवा लागत नाही.

बटणावर विश्वास ठेवायचाच नसेल, आणि ठेवू नयेच, तर त्या पिनांवरची वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. बटण आत तेवढंच करतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र टोक त्या दोनच पिनांना लागू दे. मशीन चालू झालं तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. रीसेट बटणाची वायर पॉवरच्या जागी लावून पीसी वापरायला घ्या, कॅबिनेट सावकाश बदला.

इतकं करूनही शांतता असेल तर एसएमपीएस एकट्याने तपासायचा. मशीनची मेन केबल काढा, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह यांच्याकडे जाणाऱ्या सगळ्या केबली सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये खिट्टी ज्या बाजूला आहे त्या ओळीत हल्ली एक भोक रिकामं असतं. ते एका टोकाकडून पाचवं येतं. त्याच ओळीत विरुद्ध टोकाकडून चौथं भोक म्हणजे एसएमपीएसला ‘सुरू हो’ सांगणारी तार. जुन्या रंगीत वायरींमध्ये ती हिरवी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा ग्राउंडच्या, म्हणजे काळ्या. स्टेपलरची पिन नको, जाडशी पेपर क्लिप सरळ करून हिरवी आणि शेजारची काळी जोडा, एखादा पंखा किंवा जुनी हार्ड डिस्क एसएमपीएसला लावा, आणि मगच वीज द्या. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा बघून निकाल देऊ नका, कारण अनेक मॉडेलांत लोड कमी असताना तो मुद्दाम थांबलेला असतो.

मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७. खिट्टी नसलेल्या ओळीत, रिकामं भोक ज्या टोकाकडून पाचवं त्याच टोकाकडून चौथं भोक हे स्टँडबायचं. तिथे क्लिपशिवायही ५ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर एसएमपीएस गेला, वाद संपला. मात्र उलटं खरं नाही. क्लिपवर चालू झालेला एसएमपीएस खऱ्या लोडखालीही टिकेल याची खात्री ही चाचणी देत नाही.

पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो

ही तक्रार ऐकली की मला बरं वाटतं, कारण इथे एसएमपीएस बहुतेक वेळा शहाणपणाने वागत असतो. त्याला कुठेतरी शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला बंद करतो. एकदा असा ‘लॉक’ झाला की पुढचा प्रयत्न करण्याआधी मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबावं लागतं. नाहीतर मशीन आता पूर्ण मेलं असा गैरसमज होतो.

नाशिकच्या मावसभावाचा फोन आला होता. “दादा, नवा एसएमपीएस खराब निघाला रे. बदलून आणू का?”

“पंखा हलतो का?”

“हलतो, पण लगेच थांबतो.”

“कॅबिनेट नवी का जुनी?”

“जुनीच. चांगली आहे म्हणून ठेवली.”

तिथेच उत्तर होतं. जुन्या कॅबिनेटमध्ये आधी मायक्रो एटीएक्स बोर्ड होता, नवा बोर्ड पूर्ण एटीएक्स. लहान बोर्डाच्या खालच्या ओळीचे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) तसेच राहिले होते. मोठ्या बोर्डाला त्या जागी भोकच नाही, त्यामुळे पितळ थेट बोर्डाच्या पाठीला, सोल्डरच्या टाक्यांना टेकत होतं. दोन स्टँडऑफ काढले आणि मशीन सुरू. एसएमपीएस बदलला असता तर नवाही तसाच थांबला असता.

म्हणून नियम साधा: जिथे बोर्डाला स्क्रूचं भोक आहे तिथेच स्टँडऑफ, जिथे नाही तिथे नको. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ न लावता बोर्ड थेट पत्र्यावर कसणारेही भेटतात. आत पडलेला एखादा सुटा स्क्रूही हेच करतो. कॅबिनेट हळूच हलवून खुळखुळ ऐका.

शॉर्टचं दुसरं ठिकाण म्हणजे पुढच्या यूएसबीचा जाड निळा कनेक्टर. त्यात १९ पिना असतात, आणि तिरका घुसवला की एखादी वाकते. तो आणि ऑडिओची वायर काढून ठेवून बघा.

आणि प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचं सॉकेट असतं. कूलर बसवल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत, म्हणून ते बऱ्याचदा रिकामंच राहतं. ते रिकामं असेल तर काही बोर्ड पंखे फिरवत बसतात, काही झटका देऊन थांबतात. तिथे चार अधिक चार अशी दोन तुकड्यांची केबल लागते. ग्राफिक्स कार्डाची केबल सहा अधिक दोन अशी असते. दोन्ही आठ पिनांच्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांच्या उलट बाजूंना. कनेक्टरचे कोपरे वेगळे केलेत ते याचसाठी, तरी जोर लावून बसवणारे महाभाग आहेत. बसत नसेल तर ती केबल तिथली नाही.

मॉड्युलर केबलींबद्दल इथेच सांगतो, कारण नुकसान सगळ्यात मोठं तिथे होतं. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. केबल चपखल बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन एसएसडी मरते.

चालू, बंद, चालू, बंद

चालू झाल्यावर साधारण चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल, आणि दर वेळी तेवढ्याच अंतराने, तर पॉवर बटण आत अडकलंय. बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बळजबरीने बंद होतं, हे आपण विंडोज अडकल्यावर करतोच. इथे ते बटण आपलं आपणच करतंय. रीसेट अडकलेलं असेल तर वेगळाच प्रकार: पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन कधीच येत नाही. दोन्हीची परीक्षा एकच, वायरी काढा आणि स्क्रू ड्रायव्हरने सुरू करा.

बटण निर्दोष असेल तर रॅम. एकच कांडी ठेवा, तीही प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एका कांडीची जागा तीच असते. दोन्ही टोकं ‘टक्’ होईपर्यंत दाबा. हल्लीच्या अनेक बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट राहिलेलं कळतच नाही.

पण डीडीआर५ रॅम आणि विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचा रायझन प्रोसेसर असेल तर पहिल्या वेळी हात बांधून बसा. बोर्ड रॅमचं टायमिंग स्वतः शिकून घेत असतो. त्यात काही मिनिटं जातात, कधी मधेच मशीन बंद होऊन परत चालू होतं, स्क्रीन काळी, रॅमचा दिवा पेटलेला. घाबरून वीज काढली की ते शिकणं पहिल्यापासून. पंधरा मिनिटं थांबून मगच काही ठरवा. या एका कारणाने किती धडधाकट मशीन दुकानात परत नेली जातात, याचा हिशेब नाही.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

बोर्डाच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे असतील तर ते वाचा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो पेटून राहतो तिथे गाडी अडली. यापेक्षा सोपं काही नाही, आणि कॅबिनेटची काच लावून हे दिवे झाकून टाकणारेच जास्त.

एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे ना? बोर्डाच्या मागच्या पोर्टात लावली असेल आणि प्रोसेसर आय५-१२४००एफसारखा असेल तर चित्र येणारच नाही. नावात शेवटी एफ असलेल्या इंटेलमध्ये ग्राफिक्स चालू नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जीमध्ये असतं. कार्डाला स्वतःची वीज लागत असेल तर तीही लावलेली हवी.

सीपीयूचा दिवा पेटत असेल आणि बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुन्या पिढीचा असेल तर बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामचा, संशय घ्या. बी४५० बोर्डावर रायझन ५०००, किंवा बी६६० वर इंटेलची तेरावी पिढी, या जोड्या चालतात, पण बायोस नवा असेल तरच. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात तो जुना असतो. मागे फ्लॅशबॅकचं बटण असलेल्या बोर्डावर पेन ड्राइव्हने, प्रोसेसर नसतानाही, बायोस चढवता येतो. नसेल तर दुकानदाराकडून चढवून घ्या.

बाहेर काढा

वरचं सगळं करून झालं तरी कळत नसेल तर कॅबिनेटच्या आत आणखी वाकून वेळ घालवू नका. माझं मत तर असं की हे लवकर करावं. बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिनांची केबल आणि प्रोसेसरची केबल. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. ड्राइव्ह, आरजीबी, पुढचे यूएसबी, काही नको. स्क्रू ड्रायव्हरने सुरू करा. चाललं तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या भागांत. मग एकेक भाग लावत जा, एका वेळी एकच, आणि दर वेळी वीज काढून.

नाही चाललं तर प्रोसेसर उचलून सॉकेट बघा. एलजीए सॉकेटच्या (हल्लीचे इंटेल, एएम५) पिना बोर्डात असतात आणि केसाइतक्या बारीक. मोबाइलचा कॅमेरा झूम करून तिरप्या उजेडात बघा, वाकलेली पिन वेगळी चमकते. एएम४ मध्ये, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात. तिथे कूलर सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. आधी कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एलजीएवर कूलर एका बाजूने जास्त कसला गेला तरी रॅम दिसेनाशी होते, म्हणून स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे कसायचे.

रात्री चाललं, सकाळी नाही

हा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो, कारण झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय. वीज असताना घड्याळ आणि सेटिंग स्टँडबायवर टिकतात, बंद केली की भार सीआर२०३२ या बटण सेलवर. सेल कमजोर असेल तर सकाळी सेटिंग पुसलेली, तारीख चुकलेली, आणि सुरू व्हायला वेळ. सेल स्वस्त आहे, बदलून टाका. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्यावरच हा त्रास सुरू झाला असेल तर बायोस मूळ सेटिंगवर आणा. बोर्डावरचा सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) पुसायचा जंपर त्यासाठीच असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? मग घराला अर्थिंग नाही, किंवा तिसरी पिन लागतच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थ नसेल तर पत्रा जवळपास अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. हे मशीन बंद पडण्याचं थेट कारण सहसा नसतं, पण इलेक्ट्रिशियनला बोलवायला पुरेसं आहे. दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवू नका.

दुकानात जायचंच ठरलं तर ‘चालू होत नाही’ असं सांगू नका. चारपैकी कुठली तक्रार, कुठला दिवा पेटतो, खोक्यावर ठेवून काय झालं, एवढं सांगा आणि शक्य असेल तर झटक्याचा व्हिडिओ दाखवा. बोर्ड परत द्यायचा असेल तर सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण शोधून लावून न्या. बहुतेक कंपन्या ते मागतात, आणि पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटी सहसा मिळत नाही. म्हणून बोर्ड देण्याआधी काउंटरवरच, दुकानदारासमोर, सॉकेटचा फोटो काढून ठेवा.